बेल्ट लावलेला असूनही गाडी ओरडते तेव्हा: सीटबेल्टच्या बक्कलमधला दोष कसा शोधावा

गेल्या जुलैतली गोष्ट. कासारवडवलीहून ऐरोलीला ऑफिसला निघाले होते. बेल्ट लावला, खटका बसल्याचा आवाज ऐकला, आणि कापूरबावडी यायच्या आत मीटरवर बेल्टचा लाल दिवा लागून टिंग-टिंग सुरू झालं. बक्कल हाताने दाबलं की आवाज थांबायचा, पुढच्या खड्ड्यात चाक गेलं की परत सुरू. घोडबंदर रोडवर पावसाळ्यात काय अवस्था असते ते तिथून रोज जाणाऱ्याला सांगायला नको. एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने बक्कल धरून मी विटाव्यापर्यंत गेले. असं चालवणं धोक्याचं आहे हे कळत होतं, म्हणून तिथे गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं नुसती बसून राहिले.

रविवारी नवऱ्याने तीच गाडी तासभर फिरवली. एकदाही आवाज नाही. "तू बेल्ट अर्धवट लावतेस," असं तो म्हणाला. गॅरेजवाला म्हणाला, "बक्कल गेलंय, बदलावं लागेल." साडेचार हजार रुपये देऊन नवं बक्कल बसवलं. चौथ्या दिवशी दिवा परत लागला.

शेवटी दोष सापडला तो वागळे इस्टेटमधल्या एका वायरमनला. त्याने आधी कुठल्याही हत्याराला हात लावला नाही, फक्त विचारलं, "ताई, ही गाडी घरात अजून कोण चालवतं?" म्हटलं, नवरा. "उंच आहेत का?" मी पाच फूट, तो सहा फुटांना थोडा कमी. "मग सीट तुमच्या मापाला पुढे घ्या बरं." सीट पुढे घेतली, दिवा लागला. मागे नेली, विझला. महिनाभरापूर्वी सीटकव्हर बसवणाऱ्याने सीटखालची वायर प्लॅस्टिकच्या टायने फ्रेमला आवळून बांधली होती. सीट पुढे सरकली की वायर ताणली जायची, आणि आतली तांब्याची तार तुटत आली होती. बक्कल दाबताना मी डावीकडे झुकायचे, सीट जराशी हलायची, तुटकी तार क्षणभर जुळायची. त्यावरून आम्ही सगळ्यांनी बक्कललाच दोषी ठरवलं होतं. नवं बक्कल बसवताना कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा जोड, हलला म्हणून तीन दिवस बरे गेले, एवढंच.

तेव्हापासून सोसायटीतल्या आणि ऑफिसातल्या पाच-सहा गाड्यांचा हाच दोष शोधायला मी मदत केली आहे. त्यातून बसलेला क्रम इथे लिहिते. पार्ट विकत घेण्याआधी दोष खटक्यात आहे, स्विचमध्ये आहे, की वायरमध्ये, हे ठरवायचं. बहुतेक गाड्यांत त्यासाठी एक टॉर्च, एक साधा मल्टिमीटर (वायरमधली जोडणी आणि रोध मोजायचं छोटं यंत्र) आणि रविवारची सकाळ पुरते.

बक्कलच्या आत काय असतं

बक्कलमध्ये दोन वेगळी कामं चालतात. पहिलं काम यांत्रिक. बेल्टच्या टोकाची धातूची जीभ आत गेली की स्प्रिंगवरचा आकडा तिला पकडतो, आणि लाल बटण दाबलं की सोडतो. अपघातात माणसाला धरून ठेवतो तो हा आकडा. दुसरं काम विजेचं. जीभ आत आली हे ओळखायला बक्कलमध्ये एक छोटा स्विच असतो आणि त्याचा निरोप वायरने मीटरकडे, गाडीच्या बॉडी कंट्रोल युनिटकडे (दिवे, लॉक वगैरे सांभाळणाऱ्या युनिटकडे) किंवा थेट एअरबॅगच्या कंट्रोल युनिटकडे जातो. कोणाकडे जातो हे गाडीगणिक बदलतं, आणि पुढे त्याला फार महत्त्व आहे.

दोन्ही कामं एकमेकांपासून सुटी असल्यामुळे दिवा लागलेला असतानाही बेल्ट पक्का असू शकतो. उलट दिवा विझलेला असतानाही आकडा नीट बसलेला नसू शकतो. म्हणून दिव्यावरून बेल्टची खात्री करायची नाही आणि बेल्टवरून दिव्याचीही नाही. दोन्ही वेगवेगळे तपासायचे.

हे स्विच साधारण तीन जातींचे असतात. सर्वात साधी जात म्हणजे दोन पत्र्यांचा संपर्क किंवा मायक्रोस्विच. जीभ आत गेली की पत्रे जुळतात, काही गाड्यांत उलट सुटतात. दुसऱ्या जातीत लहान चुंबक आणि चुंबकाने चालणारा रीड स्विच असतो. तिसरी जात हॉल सेन्सरची. त्यात पत्र्यांची घासाघीस नसते, चुंबकीय क्षेत्र बदललं की वायरमधला प्रवाह काही मिलिअँपिअरने कमी-जास्त होतो. काही गाड्यांत स्विचच्या जोडीला आत रोधक, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारे भाग, बसवलेले असतात, त्यामुळे लावलेल्या आणि सोडलेल्या अशा दोन्ही अवस्थांत मल्टिमीटरवर ठरावीक ओहम (रोधाचं माप) दिसतात. तुमच्या गाडीत कुठली जात आहे हे आधी माहीत नसलं तरी चालेल, पाचव्या पायरीत ते बरचसं कळतं.

गाडीला हात लावण्याआधी

हा भाग कृपया गाळू नका. पुढच्या सीटच्या बेल्टला बहुतेक आधुनिक गाड्यांत प्रीटेन्शनर असतो. टक्कर होताच बेल्ट क्षणात आवळून घेण्यासाठी त्यात स्फोटक भुकटीची छोटी कुपी असते. पुष्कळ गाड्यांत तो खांबातल्या गुंडाळीत असतो, पण काहींत तो बक्कलच्याच बुंध्याशी बसवलेला असतो. बक्कलखाली बोटभर जाडीची धातूची नळी आणि तिला जाणारी वेगळी वायर दिसली तर तो प्रीटेन्शनर आहे असं समजा आणि त्याला हात न लावता गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या. सीटच्या कुशीत साइड एअरबॅग असेल तर तिची वायरही सीटखालूनच जाते.

एअरबॅग आणि प्रीटेन्शनरच्या वायरिंगचे कपलर सहसा पिवळे असतात. त्यांना मल्टिमीटर कधीही लावायचा नाही. ओहम मोजताना मीटर स्वतः वायरमधून थोडा प्रवाह सोडतो, आणि कुपी पेटायला फार मोठा प्रवाह लागत नाही. टेस्ट लॅम्प तर त्याहून वाईट. बक्कल स्विचच्या वायरा पिवळ्या कपलरमधूनच गेलेल्या दिसल्या आणि तुमच्याकडे गाडीची वायरिंग आकृती नसेल, तर नजरेची तपासणी करून तिथेच थांबा.

सीटखालचा कुठलाही कपलर काढण्याआधी इग्निशन बंद करा, किल्ली बाहेर काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा आणि थांबा. किती थांबायचं ते गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत असतं. मी सरळ दहा मिनिटं थांबते, कारण एअरबॅग युनिटमधल्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही काही काळ वीज उरते. आणि कपलर सुटा असताना इग्निशन चालू करू नका. केलंत तर एअरबॅगचा दिवा लागून मेमरीत दोषाचा कोड बसेल, आणि मूळ दोष अजून सापडायचा असताना दुसरा शोधायला लागेल.

गाडी वॉरंटीत असेल तर पुढच्या दोन पायऱ्या करा, नोंदी घेऊन सर्व्हिस सेंटरला जा, आणि काहीही उघडू नका.

पायरी १: खटका

गाडी उभी, इंजिन बंद. जीभ बक्कलमध्ये घाला. आवाज एकच, स्वच्छ आणि कोरडा यायला हवा. मग बेल्ट जोरात ओढा, सरळ वर आणि दोन्ही बाजूंना तिरका. बटण दाबल्यावर जीभ स्प्रिंगच्या जोराने बाहेर उसळली पाहिजे. हे दहा वेळा करा. दहात एकदा जरी जीभ निसटली, खटका बसायला दोनदा दाबावं लागलं, किंवा बटण दाबूनही जीभ आत अडकून राहिली, तर सेन्सरचा विचार सोडा. ते बक्कल बदलायचं, आणि बदलेपर्यंत त्या सीटवर कोणी बसायचं नाही. यात मी तडजोड करत नाही.

शेजारच्या सीटचं बक्कल ठीक असेल तर दोन्हींचा आवाज आणि बटणाचा जोर जुळवून बघा. फरक कानाला लगेच कळतो.

आता इग्निशन चालू करा आणि बेल्ट सोडलेला ठेवा. दिवा लागतो का? हे बहुतेक लोक बघतच नाहीत. काही गाड्यांत वायर तुटली की कंट्रोल युनिटला बेल्ट कायम लावलेलाच वाटतो. मग दिवा कधीच लागत नाही, आवाज कधीच येत नाही, आणि घरात सगळ्यांना वाटतं गाडी किती शहाणी आहे. नेरुळच्या एका मैत्रिणीच्या गाडीत दोष नेमका असाच होता, आणि तो किती महिन्यांपासून होता ते तिलाही सांगता आलं नाही.

पायरी २: आठ दिवसांची नोंद

अधूनमधून येणारा दोष गॅरेजमध्ये गेल्यावर लपून बसतो. म्हणून तो कधी येतो ते आठ दिवस लिहून ठेवा. मोबाइलवर चालेल, पण गाडी थांबल्यावरच लिहा. वेळ, पाऊस होता की ऊन, रस्ता कसा होता, गाडी कोण चालवत होतं, सीट कुठे होती, त्याच वेळी दुसरं काही बिघडलं का. अर्धं निदान या कागदावरच होतं. मला हा कागद पहिल्या दिवशी सुचला असता तर साडेचार हजार वाचले असते.

दोष फक्त खड्ड्यात आणि गतिरोधकावर येत असेल तर ढिला कपलर किंवा आतला झिजलेला संपर्क हे पहिले संशयित. पाम बीच रोडसारख्या गुळगुळीत रस्त्यावर गप्प आणि अंतर्गत रस्त्यावर ओरडणारी गाडी या गटातली.

सीट पुढे-मागे केल्यावर दिवा बदलत असेल तर वायर ताणली किंवा रेलमध्ये चेंगरली आहे. वरची माझी गोष्ट हीच. एकच गाडी दोघं चालवत असतील आणि त्रास एकालाच होत असेल, तर सगळ्यात आधी इथे बघा.

पाऊस पडला, गाडी आतून धुतली किंवा ओले पायपोस दोन दिवस तसेच राहिले, आणि त्यानंतर त्रास सुरू झाला, तर सीटखालच्या कपलरमध्ये ओल गेली आहे.

गाडी आठ-पंधरा दिवस पार्किंगमध्ये उभी होती आणि आल्यावर दिवा लागला, तर उंदीर. आपल्याकडे हे कारण बाहेरून येणाऱ्याला खरं वाटत नाही, पण बेसमेंट आणि स्टिल्ट पार्किंगमध्ये पावसाळ्यात ते अगदी नेहमीचं आहे. सीटखाली लेंड्या, कुरतडलेला फोम, कागदाचे तुकडे शोधा. उंदराने एकच वायर खाल्ली असं सहसा होत नाही, म्हणून बॉनेटखालीही पाहा.

जीभ थोडी जास्त आत ढकलली की दिवा विझतो, सोडली की लागतो, असं होत असेल तर बक्कलच्या तोंडात काहीतरी पडलं आहे किंवा स्विच झिजला आहे.

बेल्टच्या दिव्याबरोबर एअरबॅगचा दिवाही लागून राहत असेल तर घरची तपासणी इथेच संपते. तुमच्या गाडीत बक्कलचा निरोप एअरबॅग युनिटकडे जातो असा याचा बहुधा अर्थ, आणि एअरबॅगचा दिवा जळत असताना टक्कर झाली तर एअरबॅग उघडेलच असं धरून चालता येत नाही. गाडी स्कॅनरवर, म्हणजे दोषाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर, लावून घ्या, त्याच आठवड्यात.

आणि बेल्टच्या दिव्याबरोबर सेंट्रल लॉक, आतला दिवा असं दुसरंही काही मधूनच बंद पडत असेल, तर बक्कलकडे न जाता फ्यूज आणि अर्थिंग बघा.

पायरी ३: सीटखाली डोकं घालून

सीट पूर्ण मागे घ्या, पुढून टॉर्च मारा. मग पूर्ण पुढे घ्या, मागच्या दारातून बघा. मोबाइलचा कॅमेरा आत सरकवून फोटो काढले तर मान मोडत नाही.

बक्कलच्या देठातून बारीक वायर निघते. तिचा माग काढत कपलरपर्यंत जा आणि तिथून कार्पेटखाली शिरेपर्यंत बघा. वायरला सीटच्या पूर्ण प्रवासापुरता ढिलेपणा आहे का? टाय कुठे आवळला आहे? रेलच्या कडेला वायर घासून चकाकते आहे का? सीटकव्हरचे हुक आणि इलॅस्टिक कुठल्या वायरला अडकले आहेत? मी पाहिलेल्या पाच-सहा गाड्यांपैकी दोनमध्ये दोष सीटकव्हर बसवल्यापासूनचा होता. कव्हर बसवणारे घाईत असतात आणि आपणही समोर उभे राहत नाही. आता मी उभी राहते.

मग कोणीतरी ड्रायव्हरच्या सीटवर बसून इग्निशन चालू करावं, बेल्ट लावावा आणि दिव्याकडे बघत राहावं. तुम्ही कपलर न काढता वायर थोडी-थोडी हलवत न्या, बक्कलकडून कार्पेटकडे, दोन-दोन बोटांच्या अंतराने. ज्या जागी दिवा लुकलुकेल ती जागा खडूने खूण करून ठेवा. या कामाला दोन माणसं लागतातच. माझ्याबरोबर माझी दहावीतली मुलगी बसते आणि "लागला", "गेला" असं ओरडून सांगते. पिवळ्या आवरणातल्या वायरा मात्र अशा हलवू नका.

आता बॅटरी सोडून, दहा मिनिटं थांबून, बक्कलचा कपलर काढा. कपलरला लॉकची जीभ असते, ती दाबून ओढायचा, वायरला धरून कधीच नाही. पिना चकचकीत असाव्यात. हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर ओलीने तांबं खाल्लं आहे. कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करायचा स्प्रे) मारा, मऊ ब्रशने साफ करा, पूर्ण सुकू द्या, परत जोडा. जोडताना लॉक बसल्याचा खट आवाज आला पाहिजे. कितीतरी वेळा दोष एवढाच असतो: व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीचा धक्का लागून अर्धा सुटलेला कपलर.

पाणी शिरलेल्या गाडीबद्दल थोडं जास्त सांगते. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली आणि थोडं पाणी दाराखालून आत आलं, की वरचं कार्पेट दोन दिवसांत सुकतं. खालचा जाड फोम मात्र कित्येक आठवडे ओला राहतो, आणि सीटखालचे कपलर त्याच ओलीत असतात. म्हणून कार्पेट उचलून फोम दाबून पाहा. पाणी सुटलं तर सीट काढून कार्पेट बाहेर उन्हात घालण्याला पर्याय नाही. पाणी सीटच्या बैठकीपर्यंत चढलं होतं, तर ही घरची कामं राहिलीच नाहीत. एअरबॅगचं युनिट बहुतेक गाड्यांत पुढच्या दोन सीटांच्या मधल्या उंचवट्यावर, म्हणजे तसं खालीच बसवलेलं असतं. ते तपासून घ्या.

पायरी ४: बक्कलची सफाई

टॉर्चने बक्कलच्या तोंडात बघा. वेफर्सचा चुरा, सुपारी, एक रुपयाचं नाणं, मुलांच्या पेन्सिलीचं टोक, हे सगळं मी स्वतः काढलेलं आहे. प्लॅस्टिकचा चिमटा वापरा, धातूचा नको. मग तोंड खाली करून पंक्चरवाल्याकडच्या हवेने, दुरून आणि थोड्या दाबाने, फुंकर मारा. जवळून पूर्ण दाबाची हवा मारली तर कचरा आत स्विचमध्ये जाऊन बसतो.

स्विचचे पत्रे मळले असतील तर बॅटरी सोडून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा, जीभ वीस वेळा आत-बाहेर, आणि अर्धा तास सुकणं. गंज काढायचा स्प्रे, शिवणयंत्राचं तेल, खोबरेल यातलं काहीही बक्कलमध्ये घालू नका. त्या दिवशी खटका लोण्यासारखा चालतो आणि महिन्याभरात तेलावर धूळ बसून आतला आकडा चिकट होतो.

चहा, सरबत किंवा कोल्ड्रिंक आत गेलं असेल तर साखर सुकून आकड्याला धरते. ही सफाई फार दिवस टिकत नाही. अशा वेळी बक्कल बदलणंच बरं.

पायरी ५: मल्टिमीटर

वरच्या पायऱ्यांत काहीच सापडलं नाही तरच इथे या. बॅटरी सुटी, कपलर काढलेला, आणि आपण मोजतो आहोत तो बक्कलकडून येणारा स्विचचा तुकडा आहे याची पक्की खात्री. गाडीकडच्या बाजूला मीटर लावायचा नाही. मीटरच्या जाड सुया पिनांत खुपसू नका, भोकं रुंद होतात आणि मग जोडणी कायमची ढिली होते. टाचणी किंवा बारीक तार पिनेला टेकवून तिच्यावर मोजा.

मीटर ओहमवर ठेवा. प्रथम बेल्ट सोडलेला, मग लावलेला, दोन्ही आकडे लिहा. दोन वायरांच्या साध्या स्विचमध्ये एका अवस्थेत जवळजवळ शून्य आणि दुसऱ्या अवस्थेत काहीच जोडणी नाही असं दिसेल. कुठल्या अवस्थेत काय, हे गाडीवर अवलंबून आहे. दोन्ही अवस्थांत एकच आकडा आला तर स्विच मेला. आता जीभ आत ठेवूनच ती हलवा, बक्कल हातात घेऊन झटका द्या. शून्याजवळचा आकडा वीस, पन्नास, परत शून्य असा नाचत असेल तर संपर्क झिजला आहे, आणि खड्ड्यांत येणाऱ्या दोषाचं उत्तर मिळालं.

दोन्ही अवस्थांत दोन वेगळे पण स्थिर आकडे आले, उदाहरणार्थ एकदा चारशेच्या आसपास आणि एकदा हजाराच्या आसपास, तर आत रोधक आहेत आणि स्विच नीट बदलतो आहे. नेमके आकडे तुमच्या गाडीच्या पुस्तिकेशी ताडून घ्या, किंवा शेजारच्या सीटचं बक्कल त्याच जातीचं असेल तर त्याच्याशी.

आकडे भलतेच आले किंवा सुया उलट लावल्यावर बदलले, तर बहुधा हॉल सेन्सर आहे. त्याला ओहममध्ये मोजून काहीच कळत नाही. त्याला स्कॅनर लागतो.

स्विच ठीक निघाला तर दोष पलीकडच्या वायरमध्ये. वायर तुटलेली सापडली तर नुसता पीळ देऊन टेप गुंडाळू नका. थोडी जास्त लांबी घेऊन सोल्डर करा आणि हीट श्रिंक नळी चढवा, म्हणजे ताण त्या जोडावर येत नाही. दोन वायरा जोडायच्या असतील तर जोड समोरासमोर न ठेवता मागेपुढे ठेवा. हे सगळं साध्या स्विचच्या वायरपुरतं आहे. पिवळ्या आवरणातली वायर घरी जोडायची नाही.

स्कॅनर कुठला

ऑनलाइन पाचशे-हजारात मिळणारा ब्लूटूथवाला स्कॅनर इंजिनचे कोड वाचतो. एअरबॅग आणि बॉडी युनिटपर्यंत तो सहसा पोचत नाही, म्हणून "कोड नाही" असं त्याने दाखवलं तर त्यावर विसंबू नका. वायरमनकडचा मोठा स्कॅनर या युनिटमध्ये शिरतो. तुर्भे आणि रबाळे एमआयडीसीच्या पट्ट्यात, तसंच वागळे इस्टेटमध्ये असे स्कॅनर बाळगणारे पुष्कळ आहेत. त्यांना नुसता कोड काढायला सांगू नका. लाइव्ह डेटामध्ये, म्हणजे त्या क्षणाच्या नोंदींमध्ये, ड्रायव्हरच्या बक्कलची ओळ उघडायला सांगा आणि स्वतः बेल्ट लावून-सोडून बघा. पडद्यावरचा शब्द प्रत्येक वेळी बदलला पाहिजे. बदलतो आहे, तरी दिवा चुकतो आहे, तर दोष बक्कलच्या पुढे, मीटर किंवा युनिटमध्ये आहे.

शेजारची सीट

इथे एक जास्तीचा खेळाडू असतो. कोणी बसलं आहे का हे ओळखायला सीटच्या बैठकीत दाबाची पट्टी असते. म्हणून रिकाम्या सीटवर लॅपटॉपची बॅग किंवा भाजीची पिशवी ठेवली तरी गाडी ओरडते. तो दोष नाही. काहीही न ठेवता ओरडत असेल तर रिकाम्या सीटचा बेल्ट लावून बघा. आवाज थांबला म्हणजे बक्कल ठीक आहे आणि पट्टीला कोणीतरी बसल्याचा भास होतो आहे. घट्ट सीटकव्हर काढून एक दिवस गाडी चालवा. ओली छत्री किंवा रेनकोट सीटवर टाकायची सवय असेल तर बैठक पूर्ण सुकू द्या.

बदलावंच लागलं तर

पार्ट नंबर जुळवून नवंच घ्या. कुर्ल्याला जुन्या गाड्यांचे पार्ट स्वस्तात मिळतात आणि दाराचा आरसा मी तिथून आणीनही, पण बेल्टचा कुठलाही भाग नाही. ती गाडी अपघातात मोडीत निघालेली असू शकते आणि एकदा झटका खाल्लेलं बक्कल वरून ओळखू येत नाही. बक्कलचा बोल्ट बऱ्याच गाड्यांत टी-५० टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या खाचेचा, असतो. तो अंदाजाने आवळायचा नाही. पुस्तिकेतल्या आकड्यावर टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळायचा पाना) लावून आवळून घ्यायचा, आणि मेकॅनिककडे तो पाना नसेल तर दुसरा मेकॅनिक शोधायचा.

कोणी तुम्हाला बक्कलमध्ये खोचायची नुसती धातूची जीभ, म्हणजे आवाज बंद करणारी क्लिप, सुचवेल. मला दोघांनी सुचवली. ती घेऊ नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये पाच मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांना या क्लिपा काढून टाकायचे आदेश दिले आणि १३,११८ जाहिराती हटवल्या गेल्या. तरी रस्त्याकडेच्या ॲक्सेसरीच्या दुकानात त्या अजून दिसतात. एअरबॅग ही बेल्ट लावलेल्या माणसासाठी आखलेली असते, आणि क्लिप खोचलेल्या गाडीला तो माणूस बेल्टमध्ये आहे असंच वाटत राहतं. शिवाय जाड, ओबडधोबड क्लिपने आतला आकडा फाकतो आणि मग खरी जीभ नीट बसत नाही. जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाला हे जरूर विचारा. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांत ड्रायव्हर आणि शेजारी दोघांसाठीही बेल्ट न लावल्याचा हा इशारा सक्तीचा आहे. बेल्ट नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-बीखाली हजार रुपये दंड आहेच, पण मला त्या हजारांपेक्षा चारोटीचा पूल जास्त आठवतो. ४ सप्टेंबर २०२२ ला सूर्या नदीवरच्या त्या पुलावर गाडीत मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, बेल्ट लावलेला नव्हता. मागच्या सीटची बक्कलंही याच क्रमाने तपासा. सीट घडी करताना ती खाली दबून हरवतात आणि वर्षानुवर्षं कोणी बघत नाही.

काम झाल्यावर

सगळे कपलर बसलेत याची खात्री करून मगच बॅटरी जोडा. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो अजिबात लागला नाही तरी तो दोषच. मग बेल्ट सोडून दिवा लागतो, लावून विझतो, हे दहा वेळा. सीट पूर्ण पुढे नेऊन दहा वेळा, पूर्ण मागे नेऊन दहा वेळा, उंची बदलणारी असेल तर वर-खाली करून. त्यानंतर खड्ड्यांच्या रस्त्यावर एक फेरी.

माझ्या गाडीचा टाय कापल्यावर आणि वायर जोडल्यावर वायरमनने मला माझ्या मापाच्या सीटवर बसवून इस्टेटमधल्या सगळ्यात वाईट रस्त्यावरून दोनदा फिरवलं. तिसऱ्या फेरीला नवऱ्याला बसवलं. मग माझं जुनं बक्कल, जे गॅरेजवाल्याकडून मी परत मागून घेतलं होतं, त्याला त्याने मीटर लावला. लावलं, सोडलं, लावलं. आकडे दर वेळी बरोबर बदलत होते.